आत्याला बोट लागली तेव्हा

कोचीहून लक्षद्वीपची बोट दुपारी सुटली. बंदराचं शांत पाणी मागे पडून खुला अरबी समुद्र सुरू झाला तशी बडबडी आत्या गप्प झाली, आणि थोड्याच वेळात तिला उलट्या सुरू झाल्या. समोरच्या बर्थवरचे काका, आपल्यापैकीच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मनाचे खेळ असतात हे. लक्ष दिलं नाही की काही होत नाही."

आत्या तशा अवस्थेतही ओशाळली. मला तेच अजून डाचतं.

ऊन लागतं, गाडी लागते, तशी बोट लागते. आपल्या बोलण्यात मनाला दोष कुठे आहे? आतल्या कानातल्या नलिका मेंदूला सांगतात की आपण हलतोय, आणि बंद केबिनमध्ये डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. मेंदूला या दोन खबरींचा मेळ घालता येत नाही, म्हणून मळमळतं. ज्यांच्या कानातली ही यंत्रणा पूर्ण निकामी असते त्यांना बोट लागतच नाही. म्हणजे आत्याचे कान ठणठणीत होते! उभी हयात समुद्रावर लढलेल्या ब्रिटिश आरमाराच्या ॲडमिरल नेल्सनलाही बोट लागायची. १८३१ ते १८३६ 'बीगल' जहाजावर असलेला शास्त्रज्ञ डार्विन तर अखेरपर्यंत त्रासलेला होता. या दोघांना कोण मनाचे कच्चे म्हणेल?

शेवटी एका खलाशाने तिला हाताला धरून वर नेलं. उघड्या डेकवर, बोटीच्या मधोमध बसवलं, कारण तिथे हेलकावे कमी. अजून उजेड होता. "दूर देखो, पानी और आसमान मिलता है, उधर," एवढंच तो म्हणाला. अंधार पडेपर्यंत आत्याने दोन घोट पाणी पोटात ठेवलं होतं.

बोट लागू नये म्हणून असलेली गोळी प्रवासाला निघण्याआधी घ्यायची असते, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात ठरत नाही. प्रवेश परवान्याचे कागद पुन्हापुन्हा तपासले गेले, पण हे एक वाक्य आम्हाला कोणी सांगितलं नाही. वयस्कर माणसं सोबत असतात, सांगायला हवं.

बेटांवरचे दिवस निळ्याशार पाण्यात कसे गेले कळलं नाही.

परतीच्या बोटीत आत्याने मधली जागा धरली आणि शेजारी बसलेल्या अनोळखी मुलीला आधी विचारलं, "गोळी घेतलीस ना गं?"