आईचे वय मिळवताना: मुंबईच्या प्रजनन दराचा माझा अनुभव

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी 2011 सालचा मुंबईचा एकूण प्रजनन दर (त्या वर्षीचे दर कायम राहिले तर एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती अपत्ये होतील तो आकडा) काढायचे ठरवले, तेव्हा आकडेमोड अवघड जाईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात आकडेमोड एका रविवारी दुपारी संपली. चार महिने गेले ते आईचे वय मिळवण्यात.

15 ते 49 वयाच्या स्त्रियांचे पाच-पाच वर्षांचे सात गट करायचे, प्रत्येक गटातील वर्षभराच्या जन्मांना त्या गटातील स्त्रियांच्या संख्येने भागायचे आणि सातही दरांच्या बेरजेला 5 ने गुणायचे, एवढेच हे गणित. स्त्रियांची संख्या जनगणनेत मिळाली. राहिले आईच्या वयानुसार जन्म.

त्यासाठी मी एका कार्यालयाच्या जन्मनोंदणीच्या खिडकीशी गेले. "दाखला कोणाचा? जन्मतारीख सांगा." सगळ्यांचाच हवा आहे, असे म्हटल्यावर खिडकीतल्या गृहस्थांनी मला बाजूला उभे राहायला सांगितले. पुढच्या खेपेस महाविद्यालयाचे पत्र नेले. त्यावर आवक क्रमांक पडला आणि तीन आठवडे ते कोणत्या टेबलावर आहे हेच कळेना. चौथ्या खेपेस निवृत्तीला आलेल्या एका लिपिक बाईंनी अहवालाचा कोरा नमुना समोर धरला. त्याचे दोन भाग असतात. कायदेशीर भाग नोंदवहीसाठी राहतो. सांख्यिकी भाग वेगळा काढून पुढे पाठवला जातो, आणि आईचे वय, शिक्षण, आधीची अपत्ये हे सारे त्याच भागात असते. म्हणजे ज्या नोंदवहीसाठी मी दीड महिना हेलपाटे घातले, तिच्यात मला हवे ते नव्हतेच. हे एक वाक्य पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर काय बिघडले असते, हा राग अजून गेलेला नाही.

मग 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून योग्य कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज केला आणि तक्ता मिळाला, पण तो जन्म जिथे झाला त्या ठिकाणानुसार होता. ठाणे-पालघरच्या कितीतरी स्त्रिया बाळंतपणासाठी मुंबईच्या रुग्णालयांत येतात, तर मुंबईची सून पहिल्या बाळंतपणाला साताऱ्याला किंवा रत्नागिरीला माहेरी जाते आणि नोंद तिकडे होते. अंशातल्या स्त्रिया वेगळ्या, छेदातल्या वेगळ्या! त्यामुळे अर्जात 'आईच्या राहत्या ठिकाणानुसार' हे शब्द घालायलाच हवेत; मी ते दुसऱ्या अर्जात घातले आणि आणखी एक महिना थांबले.

आधी सांगायचे राहिले ते असे की, पद्धतीचा सराव राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या छापील दरांवर करून घ्यावा. 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर 1.7 आहे; मी 5 ने गुणायला विसरल्यामुळे माझे उत्तर 0.34 आले आणि रात्रभर झोप लागली नाही. प्रतिस्थापनासाठी, म्हणजे नवी पिढी जुन्या पिढीची जागा भरून काढते का हे पाहण्यासाठी, आणखी एक पायरी लागते. 100 मुलींमागे 105 मुलगे जन्मतात असे धरले, तर 1.7 ला 100 ने गुणून 205 ने भागल्यावर दर स्त्रीमागे 0.83 मुली येतात. त्यातून आईच्या वयापर्यंत न पोहोचणाऱ्या मुली वजा केल्या की निव्वळ पुनरुत्पादन दर मिळतो. तो 1 असेल तर एक पिढी आपली जागा नेमकी भरून काढते. प्रतिस्थापनासाठी लागणारा एकूण प्रजनन दर म्हणून 2.1 हा परिचित आकडाही तिथूनच येतो, पण मुलींचे जन्म कमी किंवा मृत्यू जास्त असतील तिथे तो पुरत नाही, हे माझ्या मार्गदर्शक बाईंनी मसुद्यावर लाल शाईने दोनदा लिहिले.

तक्त्यात 'वय नमूद नाही' अशी ओळ असेल तर ती वगळू नये. ते जन्म ज्ञात वयांच्या प्रमाणात सातही गटांत वाटावेत. मी आधी ती ओळ खोडली होती, त्यामुळे सगळेच दर खाली आले होते.