म्हणजे फुकटच झालं ना तुमचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. परवा सात रस्त्याच्या बाजूला एका घरी, पक्षाघात झालेल्या आजोबांचा खांदा सोडवत होते. एक हात त्यांच्या कोपराला, दुसरा खवाट्याखाली. त्यांचा मुलगा मोबाइल खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, तुमचं पीजी स्कॉलरशिपवरच झालं ना? म्हणजे फुकटच की ओ." मी "हो" म्हटलं. दोन्ही हात गुंतलेले असले की माणूस "हो" म्हणून मोकळा होतो.

हा प्रश्न मला दोन तऱ्हांनी विचारतात. एक असा. त्यात "तुमचं" या शब्दावर किंचित जोर असतो, आणि तो जोर कशाचा आहे हे विचारणाऱ्यालाही कळतं आणि मलाही. दुसरा आमच्या बुधवार पेठेतल्या बाया विचारतात, पोरीला सोबत घेऊन, चहा ठेवत. "तुझं फुकटात झालं ना गं? मग हिचंबी होईल की." शब्द तेच. पहिल्याला उत्तर देताना मला राग येतो, दुसऱ्याला देताना घशाशी काहीतरी अडकतं. आज दोघांना एकदमच सांगते.

सीईटी, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, सेतूच्या चकरा हे तुम्हाला माहीत आहे. ते सोडते.

माझ्या एमपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीतल्या पीजीची, फी वर्षाला १,६०,००० रुपये होती. कॉलेज खाजगी, पुण्याच्या पलीकडे. आम्ही अनुसूचित जातीतले, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, म्हणजे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत ही फी पूर्ण बसते. शिवाय वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये निर्वाह भत्ता. १२ ने भागा. १,१२५ रुपये. मेसच्या मावशी महिन्याला ३,२०० घ्यायच्या आणि रविवारी रात्री मेस बंद.

"मग स्वाधार घ्यायचा ना," असं सांगणारेही भेटतात. सरकारी वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-जेवण्याचा खर्च देणाऱ्या राज्याच्या स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० मिळतात, खरं आहे. पण तेव्हा कॉलेज महापालिकेच्या हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आत लागायचं. आमचं त्या रेघेच्या बाहेर होतं. किती बाहेर, ते मी एकदा रिक्षाच्या मीटरवर मोजलं होतं. असल्या गोष्टी मोजून काही होत नाही, तरी मोजली.

"आईच्या विडी कार्डावर मिळत नाही का?" मिळते. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे, व्यावसायिक अभ्यासक्रमाला वर्षाला २५,००० पर्यंत. शाळेत असताना माझ्या वह्या तिच्यावरच आल्या. पण एक सरकारी शिष्यवृत्ती घेतली की ही घेता येत नाही. आणि कर्ज? ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, हे मी पाठ करून बँकेत गेले होते. समोरच्या साहेबांनी विचारलं, "मसाजवाल्यांना पगार किती पडतो?" मी उठून आले. नकार लेखी मागायला हवा होता. तेव्हा मला अपमान जास्त मोठा वाटला, कर्ज लहान वाटलं. आज उलट वाटतं. कधी कधी नाही वाटत.

डॉक्टरांच्या पीजीशी कुणी तुलना केली की मी गप्प बसते. आमच्याच गावात वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात एमडी करणाऱ्या निवासी डॉक्टरांना दरमहा विद्यावेतन असतं, आणि ते राबतातही तसेच. आम्ही ओपीडीत सकाळी नऊ ते चार उभे असायचो. विद्यावेतन शून्य.

तर आता मूळ गोष्ट. ही मी कुणाला सांगितलेली नाही. आई सोडून.

शिष्यवृत्तीचे दोन तुकडे असतात. राज्याचा ४० टक्के, केंद्राचा ६० टक्के. २०२१ नंतर केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यावर पडतो आणि तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. कागदावर हे चांगलंच आहे. मधला माणूस गेला. पण मधला माणूस गेला म्हणजे त्याच्या जागी मी आले, हे मला उशिरा कळलं.

पहिल्या वर्षाचा केंद्राचा हिस्सा मला दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा मिळाला. जानेवारी २०२४. सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू. त्याच आठवड्यात, १९ तारखेला, कुंभारीच्या रे नगरात घरांच्या चाव्या द्यायला पंतप्रधान येऊन गेले, म्हणून तारीख लक्षात आहे. आमच्या गल्लीतल्या दोघींना घर लागलं होतं, आईचा फोन त्यावरच चालला होता, आणि मधेच ती म्हणाली, "तो आलाय. कट्ट्यावर बसलाय."

तो म्हणजे गटाच्या कर्जाचा वसुलीवाला. आईनं माझ्या वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या काही महिन्यांची मेस भरायला गटातून ५०,००० उचलले होते. आठवड्याचा हप्ता. एकीचा थकला की बाकीच्या चौघींना सोडत नाहीत. आईच्या उजव्या मनगटात तेव्हा अंगठ्याखालची शीर सुजलेली, दिवसाला हजार विड्या वळणारी बाई चारशेवर आलेली. (हो, मी फिजिओथेरपिस्ट. हो, मला फोनवर कळलं होतं काय झालंय ते. "हाताला आराम दे," असं मी तिला सांगितलं होतं. विडी वळणाऱ्या बाईला.) हप्ते थकले, बाकीच्या चौघी दारात. त्यातली एक माझ्या बारशाला पाळणा म्हणालेली. ती ओरडत नव्हती, नुसती उंबऱ्याशी बसून होती. आई म्हणाली, तिचं बसणंच जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी मेसेज आला. १,०४,१०० रुपये जमा. एवढी रक्कम माझ्या खात्यात त्याआधी कधीच नव्हती. मी ओपीडीच्या जिन्यात बसून चार वेळा शून्यं मोजली. हिशेब सरळ होता. फीचे ९६,००० कॉलेजचे, भत्त्याचे ८,१०० माझे. मी घरी ३८,००० पाठवले. म्हणजे कॉलेजचे २९,९०० मी खर्च केले.

आता खरं सांगायचं तर थकलेले हप्ते ११,००० चेच होते. तेवढे पाठवले असते तर भागलं असतं. मी अख्खं कर्ज मिटवलं, कारण तो माणूस मला पुन्हा त्या कट्ट्यावर बसलेला नको होता. गरज म्हणा, माज म्हणा. दोन्ही होतं त्यात.

मग कॉलेजात विचारलं की मी सांगायचे, "अजून आलं नाही." मैत्रिणींना तेच. आमच्या गाइड मॅडमना तेच. दोन-तीन दिवसांनी ते वाक्य मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. उशीर होतोच ना, सगळ्यांचाच होतो. खोटं बोलायला शिष्यवृत्तीइतकी सोयीची जागा नाही. "साइट बंद आहे" म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही.

अंतिम परीक्षेचा अर्ज भरायचा तर "नो ड्यूज"वर फी विभागाची सही लागते. खिडकीवर गेले तेव्हा मागे बीपीटीची, म्हणजे पदवीची, सात-आठ पोरं रांगेत. क्लार्कनं विचारलं, मी माझं वाक्य म्हटलं. त्यानं काही न बोलता पोर्टल उघडलं, माझा अर्ज क्रमांक टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवला. हिरव्या पट्टीत रक्कम, तारीख, माझ्या खात्याचे शेवटचे चार आकडे.

"पैसे पडलेत मॅडम. सतरा दिवस झाले."

तो ओरडला नाही. चुकीचं एक अक्षर बोलला नाही. त्यानं मला "मॅडम" म्हटलं, कारण मी पांढरा कोट घातला होता. माझ्या मागची पोरं एकदम शांत झाली. त्या रांगेत आमच्याच योजनेतली दोघं होती, आणि मला आजही वाटतं की त्या दिवशी मी त्यांचंही नाव खराब केलं. पुढच्या वर्षी त्यांनी खरंच "अजून आलं नाही" म्हटलं असेल, तेव्हा तो पडदा त्यांच्याकडेही वळला असेल.

आईला फोन केला. ती म्हणाली, "किती?" एवढंच. पीएफ काढता येईल का, ते तिनं आधीच विचारून ठेवलेलं. तेव्हाच्या नियमात सात वर्षं सभासद असलं की मुलांच्या दहावीपुढच्या शिक्षणासाठी स्वतःच्या वाट्यातले निम्मे काढता यायचे. पण तिचं नाव आधारवर एक आणि पीएफच्या कागदावर दुसरं, एका वेलांटीचा फरक. ते दुरुस्त व्हायला महिने. म्हणून तिनं बोलीची भिशी उचलली, ३,००० तोडून, म्हणजे आधी मिळावी म्हणून तेवढे कमी घेऊन. तिसऱ्या दिवशी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं ती पुण्याला उतरली. हातात पिशवी, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी, चटणीच्या डब्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत ३०,०००.

खिडकीशी मी पुढे होऊ लागले तर तिनं मला बाजूला केलं. नोटा तिनं स्वतः मोजून दिल्या. मग त्यानं मोजल्या. मग ती म्हणाली, "साहेब, पावती." पावती मिळाल्यावर तिला वाचता येत नसतानाही ती तिनं उजेडाला धरून पाहिली, घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवली. शंभराची एक नोट परत आली, ती मला दिली.

बाहेर चिंचेखाली बसल्यावर तिनं विचारलं, "हे सरकारनं भरलेलं ना गं? मग मी परत का भरले?"

मी तिला ४०-६०, सात दिवस, काहीही सांगितलं नाही. "चूक झाली माझी," म्हटलं. ती म्हणाली, "बरं." आणि मनगट चोळत बसली. मी तिथंच तिचा हात हातात घेऊन अंगठा दाबून पाहिला. ती कळवळली. अभ्यासाच्या चार वर्षांत आणि वरच्या दोन वर्षांत मी आईच्या हाताला पहिल्यांदा हात लावला तो त्या दिवशी.

तेव्हाची मी मला अजून भेटते, बहुतेक रात्री बिलं लिहिताना. मी तिला म्हणते, वेगळं खातं उघडायचं होतंस. शिष्यवृत्तीचं वेगळं, घरचं वेगळं. ती विचारते, आणि कट्ट्यावर बसलेल्याला काय सांगायचं, की पैसे आहेत पण दुसऱ्या खात्यात आहेत? मी म्हणते, गाइड मॅडमना सांगायचं होतंस, त्यांनी हप्ता पाडून दिला असता. ती म्हणते, मॅडमनी वर्गात काय म्हटलं होतं ते विसरलीस का? विसरले नाही. "काही जणांना फीची किंमत नसते, कारण ती त्यांच्या खिशातून जात नाही." मॅडम वाईट नव्हत्या. माझा प्रबंध त्यांनी तीनदा वाचला, स्वल्पविरामासकट. तरी मी सांगितलं नाही. आज सांगितलं असतं का, हेही ठाम म्हणवत नाही.

आणि दुसरी बाजूही सांगून टाकते, नाहीतर मीही त्या आजोबांच्या मुलासारखीच. दोन वर्षांचे ३,२०,००० सरकारनं भरले. उशिरा भरले, तुकड्यांत भरले, पण भरले. ते नसते तर मी आज नऊ-दहा हजारांवर कुणाच्या तरी क्लिनिकमध्ये शेकाची पिशवी भरत असते. तेव्हा "मी माझ्या बळावर शिकले" असं मी कुणाला म्हणत नाही. फक्त "फुकट" म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर भिशीतले तोडलेले ३,००० येतात, गटाच्या कर्जाचं व्याज येतं, आणि ते कुठल्याच पोर्टलवर दिसत नाही. ते भरणारी बाई पोर्टलवर "आईचा व्यवसाय" या रकान्यात असते.

मागच्या रविवारी गल्लीतली एक काकू मुलीला घेऊन आली. मुलगी एमएस्सी नर्सिंगला लागलीय, कॉलेज मिरजेकडं. अर्ज भरायचा होता. साइट ओटीपीवर अडकत होती, आम्ही तिघी मोबाइलकडे बघत बसलो. काकूनं विचारलंच, "फुकटात होईल ना गं?" मी तिला विचारलं, गटाचं कर्ज आहे का? ती म्हणाली, "कुणाला नाही?"

मग मी मुलीला सांगितलं, उद्या बँकेत जा, शिष्यवृत्तीसाठी एक वेगळं खातं उघड, त्याला आधार जोड, आणि त्याचं कार्ड आईकडं देऊ नकोस. काकूनं चहाचा कप खाली ठेवला. मुलीनं माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुम्ही उघडलेलं का वेगळं?"

"ओटीपी आला का बघ," मी म्हटलं.