टेसल बेटावर सायकल: आधी वारा बघा, मग नकाशा

वसंतात, मेंढ्या विण्याच्या दिवसांत, नेदरलँड्सच्या टेसल बेटावर एका शेतावर स्वयंसेवक म्हणून राहिले होते. काम म्हणजे कोकरांना बाटलीने दूध पाजायचं, कोरडा पेंढा पसरायचा आणि फाटकं लावली ना, ते दहादा बघायचं. सुट्टीच्या दिवशी यजमान नवरा-बायको (मी मनातल्या मनात काका-काकूच म्हणायचे) मला सायकलवरून उत्तर टोकाच्या लाल दीपगृहाकडे घेऊन गेले.

बेट सपाट. सगळ्यात उंच भागांपैकी एक म्हणजे होखेबेर्ख, उंची जेमतेम पंधरा मीटर! सह्याद्रीत चढलेल्या माणसाला हसू येतं. पण चढ नाही म्हणून खूश होऊ नका, इथे घाम काढतो तो वारा. एरवी तो नैऋत्येचा. मेंढ्यांच्या जुन्या गोठ्यांकडे बघूनच कळतं: उभं घर सुरीने मधोमध कापावं तसे ते दिसतात. नैऋत्येकडे छप्पर जमिनीपर्यंत उतरतं, दुसऱ्या बाजूला सरळ भिंत. मेंढ्या तिच्या आडोशाला उभ्या राहतात.

त्या दिवशी मात्र वारा ईशान्येचा होता. काकांनी फोनवर पावसाचा नकाशा बघितला आणि बेत ठरवला: जाताना पश्चिमेच्या वाळूच्या टेकड्यांच्या आडोशाने, येताना पूर्वेच्या उघड्या बांधावरून, वारा पाठीशी घेऊन. तुम्हीही हाच हिशेब ठेवा. पाय ताजे असताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं.

सायकल यजमानांची असेल तर दोन गोष्टी आधी बघा. सीट खाली करून घ्या, ही माणसं भलतीच उंच असतात. आणि ब्रेक कुठे आहे ते विचारा. बऱ्याच जुन्या सायकलींना हँडलवर ब्रेकच नसतो, पायडल उलटं दाबलं की चाक थांबतं. अंगणात चार फेऱ्या मारल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. रस्ता हुकायची भीती नको, चौकाचौकांत सायकलवाल्यांसाठी आकड्यांच्या पाट्या असतात, एका आकड्यावरून पुढच्या आकड्याकडे जात राहायचं. काकूंनी आकडे क्रमाने चिठ्ठीवर लिहून हँडलला चिकटवले होते. चालत्या सायकलवर फोन हातात धरला तर २०१९पासून दंड होतो, त्यामुळे चिठ्ठीच बरी.

दीपगृह १८६४चं. एप्रिल १९४५मध्ये जर्मन सैन्यातल्या जॉर्जियन सैनिकांनी बेटावर बंड केलं, आणि जर्मनीने शरणागती पत्करल्यावरही इथली लढाई २० मेपर्यंत चालली. त्यात मनोऱ्याची चाळण झाली. नंतर त्याच्याभोवती नवी भिंत बांधली, पण आत दोन भिंतींमधल्या जागेत जुन्या विटांवर गोळ्यांच्या खुणा दिसतात. वर जाऊन नुसते फोटो काढून परत येऊ नका, या खुणा बघाच.

जेवण म्हणजे पाव आणि चीज, डबा घरूनच. कट्टर शाकाहारी असाल तर चीजबद्दल विचारून घ्या, अनेकदा त्यात वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवायचा पदार्थ) असतं. आणि कोणता खर्च आपण करायचा, तेही आधीच विचारलेलं बरं.

मुख्य भूमीवरच्या डेन हेल्डर गावाहून बेटावर यायला बोटीला वीसेक मिनिटं लागतात, सायकलही नेता येते. तिकीट जातानाच घ्यायचं, त्यातच परतीचं आलं. शेतावर राहायला येणार असाल तर मात्र सगळ्यात आधी व्हिसाचे नियम बघा. राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेली मदत तिथे नोकरीच धरली जाऊ शकते, आणि पर्यटक व्हिसावर ती चालत नाही.