टर्बो एमएक्स-5 मध्ये परफॉर्मन्स क्लच बसवताना: माझा अनुभव

टर्बो लावलेल्या मझदा एमएक्स-5 चा मूळ क्लच कमी पडतोय, हे चौथ्या गिअरमध्ये कळतं. अडीच हजार आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दिला की काटा झपकन चार हजारांवर जातो आणि गाडीचा वेग मात्र तिथल्या तिथे राहतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हे सहसा लक्षात येत नाही. तिथे इंजिनाचा बराच जोर स्वतःचेच फिरते भाग वेगात आणण्यात जातो आणि क्लचवरचा भार फार वेळ टिकत नाही. माझी गाडी दुसऱ्या पिढीची, 1.8 लिटर, पाच गिअरची. मूळ इंजिन साधारण 160 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याची ताकद) देतं; टर्बोनंतर तो 250 च्या घरात गेला आणि क्लच घसरायला लागला.

क्लच निवडताना मी आधी गणित मांडलं. क्लच किती टॉर्क पेलेल, हे चार गोष्टींच्या गुणाकारातून निघतं: लायनिंगचा (क्लच प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा) घर्षण गुणांक, प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकावर, दाबणाऱ्या भागाचा) जोर, लायनिंगची सरासरी त्रिज्या आणि दोन, कारण घासणाऱ्या बाजू दोन. 215 मिलिमीटरची प्लेट, लायनिंगचा आतला व्यास 150 धरला, तर सरासरी त्रिज्या येते सुमारे 91 मिलिमीटर. ऑरगॅनिक लायनिंगचा गुणांक 0.3 आणि जोर 5000 न्यूटन घेतला, तर उत्तर येतं 273 न्यूटन-मीटर. कागदावर हे 250 ला पुरतं. पण लायनिंग तापलं की गुणांक खाली येतो, म्हणून मी तीस टक्के जास्तीचे, म्हणजे 325 धरतो. तोच जोर 6000 न्यूटन केला, की तीच ऑरगॅनिक प्लेट 327 पर्यंत जाते. म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला इथे सिरॅमिक तुकड्यांच्या प्लेटची गरजच नाही.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. क्लच किटना दिलेल्या स्टेज 1, स्टेज 2, स्टेज 3 या नावांना सर्वमान्य असं कुठलंही मोजमाप नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या परीने ती लावते. तुलना करायची ती टॉर्कच्या आकड्याची, आणि तो आकडा इंजिनाच्या क्रँकवरचा (मुख्य दांड्यावरचा) आहे की चाकांवरचा, हेही बघायचं. तीन किंवा सहा तुकड्यांची सिरॅमिक प्लेट पकडते छान, पण एकदम पकडते. गर्दीत गाडी हळू सोडता येत नाही, रिव्हर्समध्ये ती थरथरते, आणि प्रत्येक झटका पुढे गिअरबॉक्सपर्यंत पोचतो. या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स वाढीव टॉर्कपुढे आधीच नाजूक आहे. मधल्या स्प्रिंगा नसलेली प्लेट तर रस्त्यासाठी घेऊच नये. न्यूट्रलमध्ये बॉक्स खडखडतो आणि दातांवरचा मार वाढतो. म्हणून मी जास्त जोराची प्रेशर प्लेट आणि स्प्रिंगवाली पूर्ण गोल ऑरगॅनिक प्लेट ही जोडी घेतली. याची किंमत पायाला मोजावी लागते, पेडल जड होतं. शिवाय पेडल दाबलेलं असताना क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर (त्याला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) तेवढाच जास्त भार येतो. सिग्नलला पेडल दाबून उभं राहण्याची सवय असेल, तर ती सोडावी लागते. न्यूट्रल करून पाय काढायचा.

किटबरोबर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं), फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं) आणि प्लेट मध्यावर धरणारा प्लॅस्टिकचा दांडा सहसा येतो. क्रँकचं मागचं सील, क्लचचे मास्टर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) असे दोन्ही सिलिंडर, डॉट 4 फ्लुइड आणि दोन लिटर 75डब्ल्यू-90 जीएल-4 गिअर ऑइल वेगळं आणून ठेवायचं. या गाडीचा स्लेव्ह सिलिंडर गळण्याबद्दल प्रसिद्ध आहे. नव्या प्लेटमुळे दाब वाढला, की जुनं रबर तिथेच हार खातं.

खोलण्याचं काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. बॅटरी सोडली, गाडी चार मजबूत स्टँडवर घेतली. गिअरबॉक्स जॅकवर ठेवून बाजूला सरकवता येईल इतकी उंची हवी, नाहीतर सुटलेला बॉक्स गाडीखालीच अडकतो. गिअरचा दांडा आतून काढला, ऑइल सोडलं, प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजवर खूण करून चार बोल्ट काढले. मग एक्झॉस्टचा पुढचा पाइप आणि स्टार्टर. स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्टांवर असतो. जुनाच ठेवणार असाल, तर पाइप न सोडता तो तारेने बाजूला टांगता येतो.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरसंच) यांना जोडणारी लांब अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम ही या गाडीची खासियत, आणि वेळ खाणारी जागाही तीच. डिफरन्शियलच्या बाजूची स्लीव्ह गंजून घट्ट बसलेली असते. आदल्या दिवशीच तिथे पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं तर बरं. फ्रेम सुटताच डिफरन्शियलचं तोंड खाली झुकतं, त्याला आधार द्यायचा. बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या कवचाचे) वरचे बोल्ट वरून दिसतही नाहीत. जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून तो इंजिनाच्या तळाच्या ऑइल पॅनखाली लावला, इंजिन मागे थोडं झुकू दिलं आणि लांब एक्स्टेंशनला युनिव्हर्सल जॉइंट लावून खालूनच ते काढले. बॉक्स तीस किलोंहून जड आहे. छातीवर घेऊन उतरवायचं धाडस करू नये; जॅक आणि दुसरा माणूस, दोन्ही हवेत.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने सैल करायचे. एकच बाजू पूर्ण सोडली, तर आतल्या डायफ्राम स्प्रिंगच्या ताणाने प्रेशर प्लेटचं कव्हर वाकतं. बसवताना हाच नियम उलट्या क्रमाने. आता बेल हाउसिंगच्या आत नीट बघायचं. काळसर पातळ ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील गेलंय. गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं (गिअरबॉक्समधून क्लचमध्ये जाणाऱ्या दांड्याचं) सील. गळती तशीच ठेवून नवी प्लेट बसवणं म्हणजे ती वाया घालवणं. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील, तर ग्राइंड करून घ्यावं लागतं. खोल तडे असतील तर बदलायचं. हलकं फ्लायव्हील मी मुद्दाम टाळलं. त्याने खालच्या गिअरमध्ये इंजिन चपळ होतं खरं, पण गाडी सोडताना ते पटकन बंद पडतं.

फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोकं या इंजिनात थेट क्रँककेसपर्यंत जातात. त्यामुळे आटे साफ करून, सीलंट लावून, 96 ते 103 न्यूटन-मीटरवर आवळायचे. सीलंट विसरलं, तर नवं सील बसवूनही ऑइल झिरपतं आणि दोष सीलला दिला जातो. प्रेशर प्लेटवर गंज न लागण्यासाठी कंपनीने लावलेला तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसायचा आणि नंतर घासणाऱ्या बाजूंना बोट लावायचं नाही. नवी प्लेट आधी इनपुट शाफ्टवर सरकवून बघायची, अडखळली तर तिथेच थांबायचं. शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांबट खाचांवर) ग्रीस अगदी पुसट. जास्त झालं की फिरताना उडून लायनिंगवर जातं. प्लेटची बाजू उलटी होऊ द्यायची नाही, स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. प्लॅस्टिकचा दांडा प्लेटच्या वजनाने किंचित खाली झुकतो, म्हणून बोल्ट आवळताना तो हाताने वर उचलून धरला. आवळण 18 ते 26 न्यूटन-मीटर.

बॉक्स परत चढवताना सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं. शाफ्ट अर्धवट आत गेलेला असताना बॉक्स सोडून दिला, तर सगळं वजन प्लेटच्या हबवर येऊन तो वाकतो. मग क्लच कधीच पूर्ण सुटत नाही. गिअर टाकून बॉक्सच्या मागचा आउटपुट शाफ्ट थोडा फिरवला, की स्प्लाइन जुळतात. इंजिन आणि बॉक्सची तोंडं डॉवेलवर (जागा जुळवणाऱ्या खुंट्यांवर) हाताने मिळाली पाहिजेत. फट राहिली म्हणून बोल्टाने ओढून घ्यायची नाही. बेल हाउसिंगचे बोल्ट 64 ते 89, फ्रेमचे 104 ते 123 न्यूटन-मीटर. फ्रेम शेवटची आवळण्याआधी तिची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजली, कारण ती चुकली तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि वेगात गाडी थरथरते.

स्टीलच्या जाळीची क्लच लाइन टाकायची असेल, तर ती टर्बोच्या डाउनपाइपपासून (त्यातून निघणाऱ्या तापलेल्या एक्झॉस्ट पाइपपासून) लांब न्यायची. फ्लुइड उकळलं की पेडल खाली बसतं. क्लच लाइनमधली हवा काढून झाल्यावर पेडलला थोडी मोकळी चाल राहिलीच पाहिजे. ती शून्य असेल, तर मास्टर सिलिंडरमधली परतीची वाट बंद राहते, तापलेलं फ्लुइड फुगून क्लच दाबून धरतं आणि नवाकोरा क्लच अर्ध्या तासाने घसरायला लागतो. लोक मग किटलाच नावं ठेवतात. चाल जास्त असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. हे तपासायला इंजिन चालू ठेवून पेडल दाबायचं, चार सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. करकर आली, तर पेडलचा पुशरॉड (मास्टर सिलिंडर दाबणारा दांडा) पुन्हा लावायचा किंवा आत राहिलेली हवा काढायची.

पहिले 800 किलोमीटर शहरातले, थांबत-निघत चालवलेले हवेत. हायवेवर एकाच गिअरमध्ये कापलेलं अंतर यात धरत नाही, कारण तिथे क्लच घासतच नाही. या काळात पूर्ण थ्रॉटल नाही, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) कमी. सुरुवातीला जळका वास थोडा येतो आणि जातो. तो वाढत गेला, तर थांबून मोकळी चाल आणि स्लेव्हची गळती बघायची. त्यानंतर चौथ्या गिअरमध्ये अडीच हजारांवरून पूर्ण थ्रॉटल देऊन बघितलं, काटा आणि वेग एकत्र चढले.