दरवाढीचं एक पत्र आणि चार महिने

मी पुठ्ठ्याचे खोके बनवतो. २०२१ साली क्राफ्ट पेपर, म्हणजे खोक्याचा तपकिरी कागद, भडकला तेव्हा वाटलं होतं, दर वाढवायला काय, एक पत्र टाकलं की झालं. लहान गिऱ्हाइकांबाबत ते खरंही ठरलं. फोन केले, दोघं सोडून गेले, बाकीच्यांनी कुरकुरत मानलं. घोडं अडलं ते एका मोठ्या कंपनीच्या पर्चेसमध्ये, म्हणजे खरेदी खात्यात. तिथे वर्षाचं रेट काँट्रॅक्ट होतं, म्हणजे दर वर्षभरासाठी बांधलेला.

हिशेब सरळ होता. १०० च्या विक्रीत कागद ६०, मजुरी-वीज-गोंद-वाहतूक मिळून ३०, उरतात १०. कागद १५ टक्के चढला की ६० चे ६९ होतात आणि हातात राहतो १. म्हणून ९ टक्के वाढ मागितली, तीही जेवढं गेलं तेवढंच भरून यावं म्हणून.

"कॉस्ट ब्रेकअप, म्हणजे खर्चाची फोड, द्या." दिला. तीन आठवड्यांनी परत आला, आमच्या फॉरमॅटमध्ये नाही म्हणून. त्यांच्या फॉरमॅटमध्ये भरला. परत, कागदाच्या मिलचं दरवाढीचं पत्र जोडलेलं नाही. जोडलं. मग साहेब रजेवर, मग कमिटीची बैठक पुढे ढकलली, आणि मग निरोप: मिलचं पत्र ३० दिवसांपेक्षा जुनं आहे. अहो, जुनं केलं कोणी? तेवढ्यात कागद आणखी १० टक्के चढला, ६९ चे जवळपास ७६ झाले. म्हणजे १०० ला माल देताना माझे १०६ जात होते. पुरवठा थांबवावा तर काँट्रॅक्टात दंड. मोठी ऑर्डर आली की पोटात गोळा यायचा, हे धंद्यात पहिल्यांदाच पाहिलं.

चौथ्या महिन्यात ९ टक्के मंजूर झाले, तेही मंजुरीच्या तारखेपासून. मागचं सगळं माझ्या अंगावर.

बरं, एक चूक माझीही. गोदामात जुन्या भावाचा कागद होता, म्हणून पहिलं पत्रच मी दोन महिने उशिरा लिहिलं. तो साठा संपल्यावर नवा कागद कोणत्या भावाने येणार, दर त्यावरच काढायला हवा होता. आता कोटेशनवर 'हा दर १५ दिवसांपुरताच' असं लिहितो.

काँट्रॅक्ट नवं करताना मात्र मी हटून बसलो. दर तिमाहीला मिलचा दर बघायचा. कागद १० टक्के हलला की खोक्याचा दर ६ टक्के हलणार, वर किंवा खाली. पत्र नको, कमिटी नको. सही करून घेतली तेव्हा काय वाटलं, विचारू नका! हे कलम पहिल्याच वर्षी घाला, भाव शांत असताना. तेव्हा कोणी फारसं वाचत नाही.

पुढे कागद उतरला. त्याच दिवशी पर्चेसचा मेल आला, दर कमी करा. यावेळी फॉरमॅट लागला नाही.