पंधरा वर्षांची सेवा आणि पदवीचा रकाना

पेन्शनवर आलो तेव्हा माझ्याकडे दहावीचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचं पुस्तक) आणि रेकॉर्ड ऑफिसने, म्हणजे जवानाच्या सेवेची नोंद ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाने, दिलेलं पदवी-समकक्ष प्रमाणपत्र होतं. या शेवटच्या कागदाबद्दल जवानांमध्ये मोठा गैरसमज आहे. तो पदवी नव्हे.

केंद्राच्या १९८६ च्या नियमाप्रमाणे दहावी पास आणि किमान १५ वर्षं सेवा झालेला माजी सैनिक गट 'क'च्या पदवी लागणाऱ्या पदाला पात्र धरता येतो. पण ती जागा माजी सैनिकांसाठी राखीव हवी आणि त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक कामाचा अनुभव सक्तीचा नसावा. बँकेच्या लिपिक भरतीत ही सवलत मिळते, तिथे आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन (लष्कराचं शिक्षणाचं प्रमाणपत्र) किंवा नौदल-हवाई दलातलं त्या तोडीचं प्रमाणपत्रही मागतात. बँकेतल्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या (अधिकारी) पदाला मात्र खरीच पदवी हवी. केंद्राच्या गट 'क'मध्ये आपल्याला १० टक्के जागा राखीव, राष्ट्रीयीकृत बँकांच्या लिपिक पदांत अपंग माजी सैनिक आणि शहीदांच्या वारसांसह १४.५ टक्के, महाराष्ट्र शासनाच्या गट 'क' आणि 'ड'मध्ये १५ टक्के. वयाच्या अटीत झालेली सेवा वजा होते आणि वर तीन वर्षं मिळतात.

कागद तपासणीत माणूस अडतो तो बहुतेक नावावर. दहावीच्या सनदेत वडिलांचं नाव पूर्ण, डिस्चार्ज बुकात अर्धं, आधारवर तिसरंच. सेवेत असताना पार्ट टू ऑर्डर (सेवेच्या नोंदीत बदल करणारा आदेश) काढून हे सरळ होतं. घरी आल्यावर त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवण्याआधीच सनद, डिस्चार्ज बुक, समकक्ष प्रमाणपत्र आणि आधार हे चारही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून घ्या.

खाजगी कंपनीत हे समकक्ष प्रमाणपत्र कोणी विचारत नाही. ऑनलाइन अर्जात पदवीचा रकाना रिकामा राहिला की बऱ्याच ठिकाणी अर्ज पुढे सरकतच नाही. आणि सरकला तरी सैनिक म्हटल्यावर गेटवरचीच नोकरी पुढे करतात, याचं मला फार वाईट वाटतं. सुरक्षा क्षेत्रात २००५ च्या कायद्याने माजी सैनिकाला प्राधान्य आहे. नवख्या माणसाला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर प्रशिक्षण लागतं, आपल्याला ४० आणि १६ तास पुरतात. पण स्टोअर, ट्रान्सपोर्ट, वर्कशॉप सांभाळलेल्या माणसाने तिथेच का थांबावं?

माझ्या पहिल्या बायोडेटात 'कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार' एवढंच लिहिलं होतं. समोरच्याला त्यातून काहीच कळत नव्हतं. मग तीच ओळ अशी लिहिली: 'सुमारे १२० जणांच्या कपडे, रेशन व साहित्याचा स्टोअर इन्चार्ज; लेजर, नियमित स्टॉक मोजणी, वार्षिक तपासणी; चार्ज देताना तूट नाही.' त्यानंतर मुलाखतीत प्रश्न कामावर येऊ लागले. हुद्दा खाली लिहा, काम वर. किती माणसं, किती गाड्या, किती साठा, हे आकड्यात द्या.

तरीही माझं ठाम मत आहे की बाराव्या वर्षाच्या सेवेलाच मुक्त विद्यापीठात नाव घालावं. इग्नू किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण विद्यापीठातून बीए, बीकॉमला किमान तीन वर्षं लागतात, आणि फील्ड पोस्टिंगमध्ये एखादी परीक्षा हुकणारच. बदली झाली की अभ्यासकेंद्र बदलण्याचा अर्ज त्याच आठवड्यात करा. दहावीवर भरती झाला असाल तर आधी बारावी किंवा विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम, म्हणजे आणखी वेळ धरा.

राखीव जागेचा फायदा घेऊन केंद्राच्या नोकरीत रुजू झालात की पुढच्या भरतीत तो आरक्षणाचा हक्क राहत नाही. त्यातून एकच वाट आहे. रुजू होण्याआधी जिथे जिथे अर्ज केले, त्यांची तारखेनिशी यादी रुजू होतानाच स्वयंघोषणापत्रासोबत कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. खाजगी किंवा कंत्राटी कामाने हा हक्क जात नाही, म्हणून निकालाची वाट बघताना ते काम धरायला हरकत नाही.