आमची वाटचाल : सरी, रानातली आणि गळ्यातली

उसाच्या रानात पाडतात ती सरी आणि गळ्यात घालतात तीही सरीच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीकडे ऊस आणि चांदीकाम शेजारी नांदतात, त्यामुळे आमच्या दागिन्यांच्या कारखान्याचा पहिला नग शोधावा लागला नाही : रानातल्यासारखे वरंबे, म्हणजे उंचवटे, उठवलेली चांदीची सरी.

पहिला घाट फसला. पत्रा दीड मिमी, वजन ११० ग्रॅमच्या पुढे. तासाभरात मान भरून यायची. पत्र्याला ताठपणा वरंबेच देतात, जाडी नव्हे, हे उशिरा उमगलं. आता ९२५ चांदीचा (हजारात ९२५ भाग चांदी, बाकी तांबं) ०.८ मिमी पत्रा आणि काठात १.६ मिमी तार, की वजन ७५ ग्रॅमच्या आत बसतं. तार शोभेची नाही. तिच्याविना काठ गळ्याच्या हाडावर रुततो.

पत्रा आधी कमानीत कापायचा, मग राळेवर, म्हणजे ठोके झेलणाऱ्या चिकट थरावर, ठोकायचा. सरळ पट्टी ठोकून नंतर वळवली तर आतल्या बाजूचे वरंबे चुरगळतात. राळेत विटेची भुकटी आणि तेल असतं. थंडीत तेल कमी पडलं तर ती तडकते, उन्हाळ्यात जास्त झालं तर लिबलिबते. आणि वरंब्यांमधली खोली एका दमात ठोकायची नाही. चांदी ठोकून कडक झाली की ताव द्यायचा, म्हणजे तापवून मऊ करायची, अंधाऱ्या कोपऱ्यात, मंद लाल होईस्तोवर, म्हणजे साधारण ६५०° से. उजेडात रंग कळत नाही, आणि ८००° च्या आसपास चांदी पाझरू लागते. ताव देण्याआधी स्पिरिटमध्ये कालवलेलं बोरिक ॲसिड फासलं नाही, तर आतलं तांबं जांभळट डाग धरतं. तो पॉलिशने जात नाही, कानसच लागते.

आधीची सरी मागे उघडी होती. गिऱ्हाईक ती फाकवून घालायचं आणि तडा नेमका एकाच जागी जायचा. आता एका बाजूला बिजागरी, मागे जुवाच्या शिवळेसारखी (बैलाच्या मानेशी जुवात घालतात त्या खुंटीसारखी) खीळ. डोकं वर ठेवून ती घातली की स्वतःच्या वजनानं जागेवर राहते; उलटी घातली तर पडणारच.

पाठोपाठ तिफणीच्या चाड्याची, म्हणजे पेरणीच्या अवजारावरच्या बी सोडायच्या वाटीची आणि तिच्या तीन नळ्यांची, कर्णफुलं आली. सुरुवातीला तिन्ही नळ्यांची टोकं बंद केली होती. डाख देताना, म्हणजे सांधा जोडताना, कोंडलेली हवा तापून फुगली आणि सांधा उडाला. आता टोकं उघडी ठेवतो. चाडं पोकळ आहे ते वजनापायी : एका कानाला १० ग्रॅमच्या वर आम्ही जात नाही.